गजराच्या वेळेपाशीच थांबणारं जुनं अमेरिकन शेल्फ घड्याळ: दोष शोधायचा कसा, काढायचा कसा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: घड्याळ साफ करून, तेल घालून आणलं, आठवडाभर बरं चाललं, आणि आता रोज साडेपाच-सहाच्या सुमाराला बंद पडतं. लंबकाला हलका धक्का दिला की पुन्हा चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग कोणी कमान (चावीने गुंडाळली जाणारी, जोर पुरवणारी स्प्रिंग) बदलायला सांगतं, कोणी बुश (झिजलेल्या भोकात बसवायची पितळी नळी) घालायला. पैसे जातात, दोष तसाच राहतो.

सेथ थॉमस, अँसोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन, इंग्रॅहम अशा कनेटिकट-न्यूयॉर्ककडच्या कारखान्यांचं शेल्फवर किंवा फडताळावर ठेवायचं लंबकाचं घड्याळ असेल आणि तबकडीच्या मधोमध, काट्यांच्या खाली, १ ते १२ आकड्यांची छोटी पितळी चकती असेल, तर मुख्य यंत्राला हात लावण्याआधी त्या चकतीकडे बघा. ती शोभेची नाही. ती गजराची आहे, आणि या घड्याळांत गजर सोडण्यासाठी लागणारा जोर काटे फिरवणाऱ्या यंत्रातूनच घेतला जातो. तिथे थोडी जास्त घासण झाली की पहिला बळी लंबकाचा जातो.

गजर चालतो कसा

नेहमीच्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळात सगळं एकाच चौकटीत असतं. इथे दोन वेगळी यंत्रं आहेत. वरचं मोठं यंत्र वेळ दाखवतं आणि टोले देतं. पेटीच्या तळाशी, बहुधा डाव्या बाजूला, पाठफळीवर स्क्रूने बसवलेलं लहान यंत्र फक्त गजराचं: एक उघडी कमान, एक-दोन चक्रं, आणि दातेरी चक्रावर डुलणारा तुकडा. त्याच्या टोकालाच हातोडी. कमान सुटली की तो तुकडा भराभर डुलतो आणि घंटीवर हातोडी बडवतो. मधे थांबवायची सोय बहुतेक घड्याळांत नसते. चावी दिली तेवढं सगळं वाजूनच संपतं.

दोन्ही यंत्रांना जोडणारी फक्त एक तार असते. तास-काटा ज्या नळीवर बसतो त्याच नळीवर गजराची चकती घर्षणाने बसलेली असते, आणि चकतीच्या मागे, तिलाच जोडलेला, खाच असलेला कॅम असतो, म्हणजे कडेवर तार टेकवून फिरणारी छोटी चकती. तारेचं वरचं टोक या कॅमवर टेकतं, खालचं टोक हातोडीला अडवून धरतं. नळी बारा तासांत एक फेरा घेते. खाच तारेखाली आली की तार खाचेत पडते, खालचं टोक सरकतं, हातोडी मोकळी होते.

आता मुद्द्याची गोष्ट. तार खाचेत पडताना यंत्रावर भार येत नाही, उलट कमी होतो. भार येतो तो तार खाचेतून परत वर चढताना, म्हणजे गजर होऊन गेल्यावर. काही घड्याळांत खाचेऐवजी गोगलगाईच्या पाठीसारखा हळूहळू चढत जाणारा कॅम असतो. तिथे भार गजराच्या आधीचे काही तास वाढत जातो आणि कड्यावरून पडताच एकदम संपतो. म्हणून घड्याळ गजराच्या आधी थांबतं की नंतर, एवढ्यावरूनच आत कोणता कॅम आहे आणि कुठे बघायचं ते निम्मं कळतं.

आधी खात्री करा

गजराची चावी न देता, फक्त चकतीवरची गजराची वेळ तीन तास पुढची लावा आणि घड्याळ चालू ठेवा. पूर्वी साडेपाचला थांबत होतं ते आता साडेआठला थांबलं, तर दोष गजराच्या जोडणीत आहे. थांबण्याची वेळ जागची हलली नाही, तर चकती निर्दोष. मग दर तासाला टोल्यांची तयारी करणारा दांडा बघा, काटे एकमेकांना किंवा काचेला लागतात का ते बघा. वेळ रोज वेगळीच असेल तर प्रश्न जोराचा किंवा चालीचा आहे. टिक आणि टाक यांतलं अंतर समान ऐकू येतं ना, ते आधी तपासा. पेटी थोडी तिरकी बसली तरी ही घड्याळं रुसतात.

दुसरी चाचणी आणखी पक्की. तबकडी काढा (कशी ते खाली आहे), तारेचं वरचं टोक कॅमपासून दूर धरून साध्या दोऱ्याने चौकटीच्या खांबाला बांधा, आणि घड्याळ पूर्ण चोवीस तास चालवा. कॅमचे दोन फेरे होतात. या काळात थांबलं नाही, तर मुख्य यंत्र उघडायची गरज नाही.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लंबक थांबला की काटे थांबले? टिकटिक चालू आहे, पण काटे त्याच जागी अडून बसलेत आणि घड्याळ मागे पडतंय, तर काटे ज्यावर बसतात त्या मध्यदांड्यावरची घर्षणाची स्प्रिंग सैल आहे. यंत्राकडे जोर आहे, तो काट्यांपर्यंत पोचत नाही. अशा वेळी कॅम घासून काही होत नाही. ती स्प्रिंग थोडी ताणावी लागते, आणि बऱ्याच यंत्रांत ती चक्रांना धरणाऱ्या दोन प्लेटांच्या मधे असते.

तबकडी काढताना

सुरुवात गजराची कमान पूर्ण उतरवण्यापासून. काट्यांनी गजर लावून वाजू द्या, म्हणजे ती आपोआप उतरते. लंबक काढून ठेवा. मिनिट-काट्याच्या पुढे, मध्यदांड्याच्या टोकाशी आरपार बारीक निमुळती पिन असते. तिच्या जाड बाजूकडून चिमट्याने ओढा, बारीक बाजूकडून नाही. वॉशर जपून ठेवा, पुन्हा तसाच लागतो. तास-काटा नुसता दाबून बसवलेला असतो. किंचित डावी-उजवीकडे फिरवत सरळ पुढे ओढा. त्यानंतर चकतीही तशीच पुढे येते. ती निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. जस्ताच्या पत्र्याची तबकडी तेवढ्यानेच वाकते आणि रंगाचे पोपडे पडतात. पंजाच्या दोन बोटांनी मागून समान दाब द्या.

पेटीच्या आत पाठफळीवर छापील कागद चिकटवलेला असेल तर त्याच्याजवळ पेट्रोल, रॉकेल, ओलं फडकं काहीच नेऊ नका. त्यावर चावी देण्याच्या सूचना असतात, आणि घड्याळाचं वय कळण्याचा तो सगळ्यात सोपा पुरावा. सेथ थॉमसच्या कागदावर गावाचं नाव ‘प्लिमथ हॉलो’ असेल तर घड्याळ साधारण १८६५ च्या आधीचं. कंपनीचे मालक सेथ थॉमस १८५९ मध्ये वारल्यावर त्यांच्या नावाने गावाचं नाव थॉमस्टन झालं आणि पुढचे कागद तसे छापले गेले.

थांबण्याची कारणं, जिथे ती खरोखर सापडतात

सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो खाचेच्या चढाच्या बाजूला. भिंगातून बघितलं की तारेच्या टोकाने पाडलेली बारीक पन्हळ दिसते, आणि तिच्यात काळा, मेणासारखा घट्ट झालेला थर. पितळ आणि तार दोन्ही शंभर-सव्वाशे वर्षं एकमेकांवर घासलेली असतात. नुसतं तेल सोडलं तर आठवडाभर सुधारतं आणि धूळ बसली की पुन्हा मूळपदावर. साफ करून आणल्यावर आठ दिवस बरं चालण्याचं रहस्य हेच.

थर आधी लाकडी काडीने खरवडा. मग १२०० नंबरचा पॉलिश पेपर आगपेटीच्या काडीला गुंडाळून फक्त चढाची बाजू, तार ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, पन्हळ पुसट होईपर्यंत घासा. पडतीची बाजू, म्हणजे जिथून तार टपकन खाली येते ती कड, अजिबात गोल करू नका. ती गोल झाली की तार पडायच्या ऐवजी घसरत उतरते, आणि गजर कधी वीस मिनिटं आधी, कधी उशिरा, कधी अर्धवट सुटतो. इथे कानस लावलेली घड्याळं दुरुस्त करणं मूळ दोषापेक्षा अवघड असतं.

तारेचं टोकही बघा. त्यावर सपाट चट्टा पडलेला असतो. त्याच कागदाने गोल करून, कापडाने चकचकीत करा. शेवटी चढावर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. चक्रांच्या दात्यांना तेल लावायचं नाही. तेल धुऱ्यांच्या भोकांत आणि हातोडीच्या डुलणाऱ्या तुकड्याला, तेही जेमतेम. खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं, शिलाई मशीनचं तेल पातळ असल्यामुळे पसरून जातं. पेटीत रॉकेलचा बोळा ठेवायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. वाफेने घाण थोडी सैल होते हे खरं, पण ती निघून कुठेच जात नाही, भोकांतच बसते.

दुसरं कारण तारेला ओढून धरणारी पितळी स्प्रिंग. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी ‘गजर नक्की सुटावा’ म्हणून ती ताणून ठेवलेली असते. तार खाचेत पडायला फार थोडा ताण पुरतो. बोटाने तार उचलून सोडा. ती चटकन पडली पाहिजे, पण आपटता कामा नये. आपटत असेल तर स्प्रिंग मुळाशी किंचित वाकवून ताण कमी करा, मग पुन्हा उचलून बघा.

तिसरं कारण ओळखायला सोपं: गजराची चावी दिलेली नसेल तेव्हा घड्याळ व्यवस्थित पुढे जातं, दिली की अडतं. म्हणजे कमानीचा जोर हातोडीमार्फत तारेच्या खालच्या टोकावर येतोय आणि तार तिथे चिमटीत धरल्यासारखी झाली आहे. टोक आणि हातोडीचा दांडा काटकोनात भेटायला हवेत. तिरके भेटले की पाचर बसते. दोन्ही पृष्ठं घासून गुळगुळीत करा, आणि तार सरळ करून भेट काटकोनात आणा. शिवाय रात्री चावी घट्ट होईपर्यंत पिळायची गरज नसते, चार-पाच अर्धे फेरे पुरतात.

मग उरतात घासणाऱ्या जागा. चकतीची कड तबकडीला लागते का, तास-काटा चकतीवर टेकतो का, तबकडीचं मधलं भोक चकतीच्या मानेला चिकटलंय का. पोस्टकार्डाची पट्टी चकतीखाली आणि काट्याखाली पूर्ण गोल फिरवून बघा. जिथे पट्टी अडते तिथे खूण करा. चकती किंचित वाकडी असेल तर ती बारा तासांतून एकदाच घासते, म्हणून वेळ नेमकी साधली जाते आणि संशय कॅमवर जातो. जस्ताचा पत्रा अंगठ्यांनी हळू मागे दाबता येतो, पण रंगवलेल्या बाजूने नाही.

गजर वाजून संपल्यावर लगेच लंबक थांबत असेल तर वर बघूच नका. गजराच्या कमानीला डबी नसते. उतरल्यावर ती फुगते आणि तिचा बाहेरचा वेढा लंबकाला, तारेला किंवा पेटीच्या बाजूला टेकू शकतो. कमान उतरलेली असताना लंबक हाताने हलवून किती फट राहते ते बघा. कधी हातोडीच्या हादऱ्याने पेटीच सरकते आणि चाल बिघडते. अशा वेळी फडताळाची फळी समपातळीत आहे का आणि पेटी डुगडुगते का, ते पाहा.

पावसाळ्यातच होतं, तेव्हा

कोकणात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या चाळींत असलेल्या घड्याळांची एक वेगळी तक्रार असते: मेपर्यंत ठीक, जुलैत बिघाड. दोन्ही यंत्रं एकाच पाठफळीवर, पण वेगवेगळ्या जागी बसवलेली आहेत हे लक्षात घ्या. फळी दमटपणाने फुगली किंवा पोटातून वाकली की दोन यंत्रांमधलं अंतर बदलतं, आणि मधली तार एका टोकाला ताणली किंवा ढिली होते. सरसाने चिकटवलेले सांधेही या दिवसांत सुटतात. तार वाकवून पावसाळ्यापुरतं जमवलं तर हिवाळ्यात तोच घोळ उलट्या बाजूने होतो.

आधी गजराच्या यंत्राचे स्क्रू बघा. लाकडातली पकड गेलेली असते. मोठा स्क्रू घालू नका, त्याने फळी चिरते. भोकात बांबूची काडी सरसाने किंवा लाकडाच्या गोंदाने बसवा, एक दिवस सुकू द्या, वरचा भाग कापा आणि जुनाच स्क्रू पुन्हा आवळा. पेटी बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवली तरी फरक पडतो. तारेवर गंज असेल तर बारीक कागदाने काढून तेलाचं फडकं फिरवा.

वेळ चुकीची वाजते

या गजराकडून मिनिटाच्या अचूकतेची अपेक्षा ठेवू नये. कॅमचा व्यास १६ मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे ५० मिलिमीटर. तो बारा तासांत फिरतो, म्हणजे दहा मिनिटांना जेमतेम ०.७ मिलिमीटर. तारेच्या बिजागरीत तेवढी ढिलाई असणं या वयात अगदी साहजिक आहे. दहा मिनिटं इकडे-तिकडे म्हणजे घड्याळ ठीक आहे.

चूक रोज तेवढीच, उदाहरणार्थ नेहमी पाऊण तास उशीर, तर चकती कॅमवर सरकली आहे किंवा तार वाकली आहे. चूक रोज वेगळी, तर चकती नळीवर सैल आहे आणि तारेच्या घर्षणाने मागे राहते. चकतीच्या मानेला उभ्या चिरा असतात. त्या पक्कडीने अगदी थोड्या आत दाबल्या की पकड येते. जास्त दाबल्या तर चकती फिरवताना तास-काटाही सोबत फिरतो. पकड योग्य आहे याची खूण अशी की चकती बोटाने फिरते, पण काटा हलत नाही.

गजराची वेळ काट्याच्या टोकाशी वाचायची की शेपटीशी, यावर घरोघरी मतभेद असतात. आपल्या घड्याळाचं उत्तर घड्याळच देतं. गजराची चावी न देता मिनिट-काटा हळूहळू पुढे न्या, प्रत्येक टोला पूर्ण होऊ द्या, आणि तार पडल्याचा टक् असा आवाज येताच थांबा. समजा तबकडीवर सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत. आता चकतीवर सात आणि आठच्या मधे एक-तृतीयांश जागेवर काट्याचं टोक आहे की शेपटी? जे असेल त्याच्याशी वेळ जुळवायची, कायमची. दोन्ही नसेल तर चकती कॅमवर सरकली आहे, असं समजून ती जुळवा.

चकती फिरवायची दिशा बाणाने दाखवली नसेल तर काट्यांच्या दिशेने फिरवा. कॅम चालताना त्याच दिशेने फिरतो, त्यामुळे तार नेहमी चढावरूनच वर येते. उलट फिरवलं तर खाचेची उभी कड तारेला आडवी धडकते आणि तार वाकते. मिनिट-काटा मागे फिरवण्यातही हाच धोका आहे. पुढे फिरवताना खाच तारेखालून गेली तर गजर सुटतो, म्हणून आधी वेळ लावा आणि चावी नंतर द्या.

संध्याकाळी अवेळी वाजत असेल तर तो दोष नाही. चकतीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, बारा तासांचा एकच फेरा असतो. पहाटे पाचचा गजर हवा असेल तर चावी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, खरं तर सहानंतरच द्यायची.

चावी देताच वाजतं किंवा वाजतच नाही

चावी देता देता हातोडी सुटत असेल तर तारेचं खालचं टोक हातोडीच्या दांड्यावर पुरेसं चढत नाही. दीड ते दोन मिलिमीटर पकड हवी. तार वाकवायची ती खालच्या टोकाकडून, आणि वाकवताना बिजागरीजवळ दुसऱ्या पक्कडीने घट्ट धरून, नाहीतर जोर बिजागरीवर जातो आणि ती तुटते. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग तपासणी.

अजिबात वाजत नसेल तर तार पडते का ते आधी बघा. तार पडूनही हातोडी हलत नसेल तर जुनं तेल गोठलं आहे. गजराचं छोटं यंत्र पाठफळीवरून सोडवा. तत्पूर्वी चावी हातात घट्ट धरून, खटका (चावीच्या दातेरी चक्राला, म्हणजे रॅचेटला, उलट फिरू न देणारी अडणी) स्क्रूड्रायव्हरने मागे ओढून, कमान थोडी थोडी करून पूर्ण उतरवा. चावी हातातून सुटली तर बोटं फुटतात. यंत्र मिनरल टर्पेंटाइनमध्ये मऊ ब्रशने धुवा, भोकं बांबूच्या टोकदार काडीने आतून पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. कमानीला घट्ट ग्रीस, धुऱ्यांना तेल. खटका रॅचेटच्या दात्यात पूर्ण बसतो का आणि त्याची रिव्हेट ढिली नाही ना, ते चावी देण्याआधी बघा. रिव्हेट ढिली असेल तर चावी देऊच नका.

आवाज बोदा येत असेल तर हातोडी विश्रांतीच्या जागी घंटीला टेकलेली आहे. एक ते दोन मिलिमीटर फट ठेवा. घंटीचा स्क्रूही फार आवळू नका, खाली चामड्याचा पातळ वॉशर घाला.

सगळं जोडल्यावर घड्याळ तीन दिवस पारखा: पहिल्या दिवशी चकती ३ वर, दुसऱ्या दिवशी ७ वर, तिसऱ्या दिवशी ११ वर, प्रत्येक वेळी गजराची चावी देऊन. तिन्ही दिवस न थांबता गेलं तर काम झालं. तार बांधून ठेवल्यावर नीट चालणारं घड्याळ आता पुन्हा अडत असेल, तर मध्यदांडा किंवा तासचक्राचं भोक अंडाकृती झालेलं असतं आणि थोड्या भारानेही दाते एकमेकांत रुततात. तिथे बुश घालावा लागतो, त्यासाठी मोठ्या उघड्या कमाना जाड तारेने बांधून प्लेटा उघडाव्या लागतात. हे काम अशी घड्याळं नेहमी हाताळणाऱ्या घड्याळजींकडेच द्या, आणि देताना तार बांधून केलेल्या चाचणीचा निकाल त्यांना सांगा.